माळावरची खोटी हाक

माळ बघायला तिकीट लागतं, असं मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. सगळा जन्म माळावर गेला. माळशिरस तालुक्याच्या कोरड्या बाजूला आमचं गाव. मेंढरांमागं फिरून पायाची हाडं झिजली, पण त्यापायी कुणी पावती फाडली नव्हती. आता सोलापूरच्या पुढं, तारेचं कुंपण घालून राखलेल्या एका माळावर मी पंधरवडाभर राहून आलो. तिथं स्वयंसेवक होतो. म्हणजे काय होतो, हे गावात जो भेटेल तो विचारतो. म्हणून एकदाच लिहून काढतो. माझी शाळा चौथीपर्यंतची, तीही अर्धी. अक्षर वाकडं येईल, सांगणं सरळ आहे.

गेलो कसा, ते आधी. म्हातारी गेली, मग गुडघे गेले, मग पोरानं मेंढरं विकली. तो श्रीपूरला कारखान्यावर आहे. त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण सकाळी उठायचं आणि हाकायला काही नाही, असे दिवस काढून बघा म्हणजे कळेल. त्या माळाच्या माहिती केंद्राच्या सुजाता मॅडम गेल्या साली आमच्याकडं मेंढपाळांना भेटत फिरत होत्या. त्या म्हणाल्या, पाहुण्यांना माळ दाखवायला माळावरचीच माणसं लागतात, माघात शाळांच्या सहली येतात, तेव्हा या. पगार नाही, जेवण आणि खोली मिळेल. पोरगा म्हणाला, या वयात फुकट राबायला कशाला जाता. तो नको म्हणाला म्हणून मी गेलो.

केंद्रावर

एस.टी.चा प्रवास सांगण्यासारखा नाही. सोलापूरच्या स्टँडवर रज्जाकभाई मला न्यायला आले होते. ते जन्मभर एस.टी. चालवून रिटायर झालेले, शहरातले, आणि केंद्रावर माझ्याआधीपासून स्वयंसेवक. माझा फेटा, घोंगडं आणि काठी बघून म्हणाले, "क्या तात्या, बकरे किधर छोडे?"

मी म्हणालो, "बकरी न्हवं, मेंढरं. आन् ती सोडली न्हाईत, इकली."

त्यावर त्यांनी माझी पिशवी उचलली.

केंद्र म्हणजे दगडी भिंतीची बसकी इमारत. आत भिंतीवर पाखरांची, काळविटांची चित्रं, एका कपाटात काचेखाली पिसं, शिंगं, वाळलेलं गवत. माझ्या माळावरचं कुसळी गवत काचेखाली बघून मला कसंसंच झालं. जन्मभर धोतरातून उपटून फेकलं ते. दुसऱ्या कपाटात मेंढीच्या लोकरीचं घोंगडं टांगलेलं आणि खाली लिहिलेलं, की पूर्वी मेंढपाळ हे वापरत. मी माझं घोंगडं खांद्यावरून काढलं नाही.

मॅडमनी कामं सांगितली. फाटकावर तिकीट बघायचं. आत जाणाऱ्यांकडून पिशव्या, बाटल्या, शिट्ट्या काढून ठेवायच्या. पाहुण्यांना पायवाटेनं जनावरं बघायच्या मनोऱ्यापर्यंत न्यायचं आणि परत आणायचं. बोलायचं हळू. जनावराकडं बोट दाखवायचं नाही, नुसती मान वळवायची. सिमेंटच्या पाणवठ्यात टँकरचं पाणी उतरवून घ्यायचं. संध्याकाळी पाहुण्यांनी टाकलेला कचरा वेचायचा. आणि आपल्याला माहीत नसेल ते माहीत नाही म्हणून सांगायचं. हे शेवटचं मला सगळ्यांत जड गेलं.

सगळ्यांना हिरवं जाकीट आणि हिरवी टोपी होती. जाकीट मी घातलं. टोपी घालायची तर फेटा काढावा लागतो, आणि फेटा मी सुतकातच काढतो. मॅडम म्हणाल्या, नियम आहे. मी म्हणालो, आमचाही आहे. शेवटी रज्जाकभाईंनी टोपीवरचा केंद्राचा बिल्ला काढून माझ्या फेट्याला टोचला आणि म्हणाले, हौ, अब नियम भी हो गया. काठीचं मात्र जमलं नाही. काठी बघून पाहुणे बुजतात म्हणे. ती खोलीत कोपऱ्यात राहिली आणि माझा उजवा हात पंधरवडाभर रिकामा लोंबकळत राहिला.

जेवणाचं सांगतो. सोलापूरची कडक भाकरी पापडासारखी मोडते. आमच्याकडं अशी भाकरी झाली तर सुनेला बोलणी बसतील. तिथं ती मुद्दाम तशी करतात, महिनाभर टिकते, आणि शेंगांच्या चटणीबरोबर खाल्ली की दुसऱ्या दिवशी आपणच मागून घेतो. मॅडमच्या डब्यात चिंचेचा पिवळा भात असायचा. त्या शहरातल्या विणकरांच्या घरातल्या, फोनवर आईशी तेलुगू बोलायच्या. आई रोज तेच विचारत होती, हे मला भाषा न येताही कळलं. जेवलीस का, आणि घरी कधी येणार.

मनोरा

माळ नुसता बघितला तर काही नाही. आलेली पोरं आधी हेच म्हणायची, काहीच नाही की इथं. वाळलेलं पिवळं गवत, मध्येच हिवराचं, बोरीचं झुडूप, खाली मुरूम. मग मी त्यांना खाली बसवायचो. बसलं की माळ दिसतो. गवताच्या बुडाशी चंडोल पळतो, लांबवर काळविटाची शिंगं तेवढी हलतात, वारा आला की सगळा माळ एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळतो.

सगळ्यांचा पहिला सवाल एकच असायचा. माळढोक दिसतो का? त्याच्यासाठीच हा माळ राखला. आमच्याकडं त्याला हूम म्हणायचे. माझ्या लहानपणी तो आमच्या मेंढरांच्या बाजूनं चालायचा, पाटलासारखा, मान ताठ, कुणाची घाई नाही. मॅडमनी बजावलं होतं, खरं तेच सांगायचं. म्हणून मी रोज सांगायचो, आता दिसत नाही. एक मास्तर म्हणाले, मग आम्ही बघायला काय आलो? मी म्हणालो, तो कुठं राहत होता ते बघा.

कुंपणाच्या बाहेर, ज्वारी काढलेल्या रानात सांगोल्याकडच्या म्हाकूचा वाडा उतरला होता. आम्ही मेंढरांच्या तळाला वाडा म्हणतो. शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतात. म्हाकू माझ्याहून लहान, लांबच्या नात्यातला निघाला. संध्याकाळी मी त्याच्या चुलीपाशी जाऊन बसायचो. मेंढरांचा वास नाकात गेला की मला बरं वाटायचं. आठवड्यापूर्वी लांडग्यानं त्याचं एक कोकरू नेलं होतं. त्याचा पुतण्या सोपान म्हणायचा, बीळ सापडू दे नुसतं, धूर घालून सगळी पिलं मारतो. म्हाकू ऐकायचा आणि लाकडं पुढं सारायचा.

त्याच सुमाराला मॅडमनी आम्हा दोघा स्वयंसेवकांना आत बोलावून दार लावलं. म्हणाल्या, मनोऱ्याच्या मागं ओढा आहे, त्याच्या दरडीला लांडगीण व्यालेली आहे. पिलं बाहेर येऊन बसायला लागली आहेत. हे पाहुण्यांना सांगायचं नाही, बाहेर तर कुणालाच नाही. आता ती जागा रिकामी आहे, म्हणून लिहितो.

मी विचारलं, "म्हंजे आमी लांडगं राखायचं?"

"हो, तात्या."

"कोकरांनी काय पाप केलंय?"

मॅडम म्हणाल्या, "काही नाही केलं. कोकरू गेलं की त्या माणसाचं नुकसान होतं, मला माहीत आहे. पण मेंढरांना तुम्ही आहात. यांना कुणी नाही." मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुम्हाला जमणार नसेल तर मनोऱ्याकडं जाऊ नका. काउंटरला बसा. त्यात कमीपणा नाही."

कमीपणा नाही म्हटलं की तो आहेच, हे मला कळतं. मी म्हणालो, जमेल.

तीन-चार दिवस जमलं. पाहुणे नसताना पिलं मी मनोऱ्यावरून पाहिली. मातीच्या रंगाची, पोटं सुटलेली, एकमेकांच्या कानाला धरून ओढणारी. कुत्र्याची पिलं म्हणून कुणीही घरी नेली असती. मी त्यांच्याकडं बघताना तोंडात शिवी धरून बघायचो. पण बघायचो.

हाक

त्या दिवशी सकाळी माझ्याबरोबर पुण्याचं एक नवरा-बायकोचं जोडपं होतं. वारा थांबलेला. मनोऱ्यावर आम्ही गप्प बसलो होतो. कुंपणाच्या पलीकडं म्हाकूची मेंढरं पसरली होती, आणि मागं राहिलेली दोन कोकरं बोरीखाली चरत होती. तेवढ्यात गवतात मला पाठ दिसली. नुसती पाठ, राखी, खाली दबलेली. लांडगीण कुंपणाच्या पडलेल्या भागाकडं सरकत होती. मेंढपाळाला लांडगा कसा ओळखला असं कुणी विचारत नाही. तो पोटात कळतो.

मी ठरवून काही केलं नाही. पोटातून हाक निघाली. "हाऽऽईक! हाऽऽईक! लांडगा आलाऽऽ!"

आमच्यात हाकेचा नेम आहे. एकानं हाक दिली की ज्याच्या कानावर पडेल त्यानं ती उचलून पुढं द्यायची, आणि हातातलं टाकून, कुत्री सोडून, हाकेच्या जागी धावायचं. कुणाची मेंढरं, कुणाचं भांडण, काही बघायचं नाही. म्हाकूनं हाक उचलली. पलीकडच्या रानातून दुसऱ्या वाड्यानं उचलली. बघता बघता तिन्ही अंगांनी हाका उठल्या. हे सगळं मी बोलावलं होतं, आणि ते येत होते ते थेट ओढ्याकडं, कारण मी तिथूनच ओरडलो होतो.

लांडगीण आडवी पळून दिसेनाशी झाली. पिलं बिळातच होती.

मी मनोऱ्यावरून कसा उतरलो ते आठवत नाही. त्या बाईनं माझा दंड धरला होता, एवढं आठवतं. ओढ्याच्या वाटेवर मी आडवा उभा राहिलो तेव्हा पडलेल्या कुंपणातून कुत्री आत आली होती, मागं सोपान कुऱ्हाड घेऊन, त्याच्या मागं म्हाकू आणि दुसऱ्या वाड्याची माणसं. सगळ्यांची छाती भात्यासारखी हलत होती. ती माणसं माझ्या शब्दावर धावली होती.

"कुटं हाय?" सोपाननं विचारलं.

हात नुसता मागं केला असता तरी पुरलं असतं. दरड तिथून हाकेच्या अंतरावर होती. दहा वर्षांपूर्वी मी स्वतः त्यांच्या पुढं धावलो असतो. आणि म्हाकूचं कोकरू गेलेलं मला ठाऊक होतं. त्याची भाकरी मी खाल्ली होती. हे सगळं डोक्यात आलं, आणि ती कान ओढणारी पिलंही आली.

मी म्हणालो, "लांडगा न्हवता. कुत्रं होतं. मला दिसंना झालंय."

आमच्या भागात माझ्या नजरेवर पैजा लागायच्या. मावळतीला कोण चाललंय ते मी चालीवरून सांगायचो. ते वाक्य बोलताना माझे कान तापले.

सोपान हसला. "म्हातारं आंधळं झालंय की! कुत्र्याला लांडगा म्हणतंय. आन् असल्या माणसाला हितं माळ दाखवाय ठेवलंय!"

दुसऱ्या वाड्याची माणसंही हसली. कुणीतरी म्हणालं, राहू दे, वय झालंय. ते हसण्यापेक्षा वाईट होतं. म्हाकूची म्हातारी कुत्री मात्र माझ्या मागच्या वाटेकडं बघून गुरगुरत होती, पाठीवरचे केस उभे. म्हाकूनं तिच्या गळ्यातल्या दोरीला धरलं आणि तिला ओढतच माघारी नेलं. तो हसला नव्हता.

केंद्रावर आलो तर मॅडम दारात उभ्या. पुण्याच्या जोडप्यानं सांगितलं होतं सगळं. त्यांनी विचारलं, तुम्ही ओरडलात? मी हो म्हणालो. का ओरडलो ते सांगितलं नाही, माफीही मागितली नाही. मेंढपाळानं लांडगा बघून ओरडायचं नाही तर कुणी ओरडायचं. मग त्यांनी विचारलं, लोकांना काय सांगितलंत?

"कुत्रं होतं म्हणालो."

त्या म्हणाल्या, आतापासून तुम्ही काउंटरला. मी जाकिटाच्या गुंड्या काढायला लागलो, तशा म्हणाल्या, जाकीट असू द्या.

दिवसभर ओढ्याकडं कुणी फिरकायचं नाही असं ठरलं. दूर टेकाडावर मॅडम दुर्बीण घेऊन बसल्या. लांडगीण परतली नाही तर पिलं उपाशी मरतील, आणि आपण बिळाजवळ गेलो तर ती यायचीच नाही, एवढं त्यांनी रज्जाकभाईंना सांगितलं. मला कुणी काही सांगितलं नाही. मी काउंटरवर बसून सहलीच्या पोरांच्या बाटल्या ठेवून घेत होतो. रज्जाकभाईंनी चहा आणून ठेवला. तो निवला, त्यांनी दुसरा आणला. "पियो तात्या," म्हणाले, "गाडी भी कभी गरम हो जाती." मला जेवण गेलं नाही. लांडग्याच्या पिलांसाठी जेवण जात नाही, हे गावात सांगितलं तर लोक थुंकतील.

दिवस कलायला आला तेव्हा मॅडम टेकाडावरून उतरल्या. चालत माझ्या काउंटरपर्यंत आल्या आणि एकच शब्द बोलल्या. "आली."

दुसऱ्या संध्याकाळपर्यंत तिनं पिलं तोंडात धरून एकेक करून ओढ्याच्या पार, आतल्या अंगाला नेली. मॅडमनी मला टेकाडावर बोलावून शेवटचं पिलू दाखवलं. तोंडात लोंबणारं, पाय पोटाशी घेतलेलं. आमची कुत्री तसंच नेतात.

म्हाकूच्या वाड्यावर

हाकेच्या नेमाचा दुसरा भाग राहिला. ज्याची हाक खोटी ठरेल त्यानं धावून आलेल्या सगळ्यांना जेवायला घालायचं. माझी हाक खरी होती, पण मीच ती खोटी ठरवली होती. आता नेम मोडला तर तेवढ्यावरून कुणालाही शंका आली असती, आणि शंका नसती आली तरी मी तो मोडला नसता. रज्जाकभाईंना सांगून शहरातून शेंगापोळ्यांची चवड आणवली. शेंगदाणे आणि गुळाचं सारण भरलेली ती पोळी आमच्याकडं होत नाही. आमची आपली पुरणाची. पोळ्या घेऊन दिवस असतानाच मी म्हाकूच्या वाड्यावर गेलो. दुसऱ्या वाड्याची माणसंही आली. म्हाकूच्या कारभारणीनं दूध तापवून दिलं.

जेवताना सोपाननं माझी पुरती हजेरी घेतली. पोळी माझ्या हातात दिली की विचारायचा, दिसतीया का, तात्या? का भाकरी वाटती? माणसं हसत होती. मीही दोन घास जास्त खाल्ले, म्हणजे बोलावं लागू नये. दोन्ही बाजूंनी कोकरं आयांना शोधत ओरडत होती. म्हाकूच्या मांडीवर एक झोपलं होतं, त्याच्या पायाला मेंदीचा डाग, ते म्हाकूच्या नातीचं. त्या कोकराकडं मला बघवेना. लांडगीण पार गेली होती, पण माळ सोडून गेली नव्हती. पोट तिलाही होतं. मी त्या माणसांना पोळी वाढत होतो आणि त्यांच्या उशाला लांडगा ठेवून चाललो होतो. माझ्याच लोकांच्या. हे ओझं मी हितं गावात घेऊन आलो आहे, ते उतरलेलं नाही.

उठलो तसा म्हाकू वाटेपर्यंत पोचवायला आला. बाकीचे चुलीपाशीच होते. दोरीला म्हातारी कुत्री होती. ओढ्याकडं तोंड करून ती उभी राहिली, तसा तोही थांबला. माझ्याकडं न बघता खालच्या आवाजात त्यानं विचारलं, "पिलं किती हायती?"

मी मॅडमना शब्द दिला होता. आणि म्हाकूला नाही म्हणायला जीभ उचलत नव्हती.

मी म्हणालो, "कोकरं जाळीत ठेवत जा, म्हाकू. आन् जाळी दुहेरी लाव."

तो चुलीकडं वळला आणि सोपानसकट सगळ्यांना ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात म्हणाला, "तात्या, डोळं दाखवून घ्या कुणाला तरी. लई कमी दिसाय लागलंय तुमाला."

"व्हय," मी म्हणालो. "घेतो."